पॅडिंग्टनच्या एक नंबर फलाटावर

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनात एक नंबर फलाटावर ब्राँझचे दोन पुतळे आहेत. एक पोरांच्या गोष्टीतल्या पॅडिंग्टन नावाच्या अस्वलाचा. त्याच्या डोक्यावर टोपी, जवळ बॅग, आणि समोर कायम पोरांची रांग. आईबाप फोन उभे-आडवे धरून फोटो काढत असतात. दुसरा पुतळा एका शिपायाचा. त्याच्यापुढे रांग नसते. त्याच्या चौथऱ्याला टेकून लोक कॉफी पितात, बॅगेची चेन लावतात आणि आपली गाडी कुठे लागतेय ते बोर्डावर बघतात.

मी रेडिंगला राहते, नोकरी लंडनमध्ये. पहिली दोन वर्षं मीही त्या चौथऱ्याचा उपयोग पर्स टेकवायला केला. मग एका नोव्हेंबरात गाडीला वेळ होता आणि चौथऱ्यापाशी युद्धातल्या मृतांच्या आठवणीची लाल पॉपींची चक्रं रचून ठेवली होती. पर्स ठेवायला जागा नव्हती, म्हणून मान वर गेली.

वर एक धिप्पाड माणूस उभा आहे. डोक्यावर लोखंडी टोपी. अंगावर जाड ओव्हरकोट, तोही नीट घातलेला नाही, नुसता खांद्यांवर टाकलेला. गळ्यात मफलर. हा मफलर बाजारचा नाही, घरात कुणीतरी विणलाय, हे ब्राँझमध्येसुद्धा कळतं, कारण त्याची वीण तेवढ्या प्रेमाने घडवली आहे. हातात बंदूक नाही. पत्र आहे. मान खाली घालून तो ते वाचतोय, आणि आजूबाजूला चाललेल्या अनाउन्समेंटचं त्याला काही घेणंदेणं नाही.

युद्धस्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच खांब, ज्योत, उलटी बंदूक असलं काहीतरी येतं. हा गडी मात्र वाचत उभा आहे. मी त्या दिवशी खालून त्या कागदात डोकावायचा प्रयत्न केला. अर्थातच काही दिसलं नाही.

हे स्मारक ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या कामगारांचं. पहिल्या महायुद्धात या एका कंपनीतून २५ हजारांहून जास्त माणसं सैन्यात गेली, म्हणजे साधारण तिघांमागे एक. त्यांतली २,५२४ परत आली नाहीत. कारकून, हमाल, सांधेवाले, फायरमन, गार्ड, रूळ ठोकणारे. दुसऱ्या महायुद्धानंतर आणखी ७८८ जणांची भर पडली, आणि आता चौथऱ्यावर एकच आकडा कोरलेला आहे: ३,३१२ स्त्री-पुरुष. ‘स्त्री’ हा शब्द तिथे वाचून मी क्षणभर थबकले. पहिल्या युद्धात पुरुष गेले तशा बायका फलाटावर आल्या, तिकिटं तपासू लागल्या, सामान उचलू लागल्या. दुसऱ्या युद्धापर्यंत बायका मृतांच्या यादीतही आल्या.

अनावरण झालं ११ नोव्हेंबर १९२२ला, युद्ध थांबलं त्या तारखेला, चार वर्षांनी. पडदा ओढला व्हायकाउंट चर्चिल यांनी. हे ते सिगारवाले नव्हेत. हे रेल्वे कंपनीचे अध्यक्ष.

मला सगळ्यात विलक्षण वाटली ती मात्र नावांची गोष्ट. त्या २,५२४ जणांपैकी एकाचंही नाव त्या स्मारकावर दिसत नाही. सगळी नावं चर्मपत्रावर लिहून एका पेटीत घातली, पेटी सीलबंद केली आणि चौथऱ्याच्या आत ठेवून दिली. ती पेटी कंपनीच्या स्विंडनच्या कारखान्यात बनली होती. या कारखान्यात इंजिनं बनत. म्हणजे मेलेल्यांतले कित्येक जण जिथे हातोडा चालवत होते, तिथेच राहिलेल्या हातांनी त्यांच्या नावांसाठी पेटी केली. वर एक पत्र, जे आपल्याला वाचता येत नाही; खाली एक यादी, तीही वाचता येत नाही.

पेटी म्हटल्यावर मी लंडनमधून थेट भुसावळला पोचले.

माझे वडील भुसावळला ड्रायव्हर होते. हल्ली लोको पायलट म्हणतात. नानांना तो शब्द विमानाचा वाटतो. आमच्याकडे मोठ्या स्टेशनात फलाटाच्या टोकाला लोखंडी पेट्या रचलेल्या असायच्या, ज्यांनी पाहिल्या नाहीत असा माणूस विरळा. ड्रायव्हर-गार्डांच्या पेट्या. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि हुद्दा, आत झेंडे, बत्ती, नियमांचं पुस्तक. लहानपणी मला त्या पेट्यांवरची नावं वाचायचा नाद होता. कोणाची पेटी फलाटावर आहे म्हणजे कोण ड्यूटीवर निघालंय किंवा आत्ताच उतरलंय, हे कळायचं. नाव बाहेर, सामान आत. पॅडिंग्टनला नेमकं उलटं.

आणि रात्रीचा कॉलमन, म्हणजे ड्यूटीचं बोलावणं घेऊन घरी येणारा रेल्वेचा माणूस. दोन वाजता सायकलची घंटी वाजायची, मग कडी. कॉलमन टॉर्च धरायचा, नाना चष्मा शोधत बाहेर यायचे आणि कॉलबुकात सही करून वेळ टाकायचे. आई तोवर स्टोव्हला पंप मारत असायची. डब्यात कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. नाना गेले की ती परत झोपायची नाही. देवापुढे बसायची असंही नाही, मेथी निवडायची. रात्री अडीच वाजता मेथी निवडणारी बाई मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

तर नावांचं. नावं बाहेर कोरलेली बघायची असतील तर त्याच लंडनमध्ये लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनला जावं. तिथे ग्रेट ईस्टर्न रेल्वेचं संगमरवरी स्मारक भिंतीवर आहे, आणि त्यावर अकराशेहून जास्त कामगारांची नावं ओळीने आहेत. मी एका शनिवारी मुद्दाम गेले. पाच मिनिटं आडनावं वाचली आणि लाज वाटेल इतक्या लवकर कंटाळले. इतकी नावं एकदम समोर आली की डोळा घसरतो. पॅडिंग्टनला एकही नाव नसताना मी अर्धा तास उभी राहिले होते.

पण लिव्हरपूल स्ट्रीटच्या त्या भिंतीला एक गोष्ट चिकटलेली आहे, जी संगमरवरात मावणारी नव्हती. २२ जून १९२२ला दुपारी फील्ड मार्शल सर हेन्री विल्सन यांनी त्या स्मारकाचं अनावरण केलं. पूर्ण लष्करी वेषात. समारंभ आटोपून ते टॅक्सीने घरी गेले, आणि घराच्या दारातच दोन आयरिश क्रांतिकारकांनी त्यांना गोळ्या घातल्या. मारणारे रेजिनाल्ड डन आणि जोसेफ ओसलिव्हन. दोघेही पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून लढलेले. ओसलिव्हनचा एक पाय युद्धातच गेला होता, लाकडी पाय होता. त्याला पळता येईना. डन त्याला सोडून गेला नाही, दोघे पकडले गेले आणि ऑगस्टमध्ये फासावर गेले. युद्धातल्या मृतांचा पडदा उघडून आलेला माणूस, आणि त्याच युद्धात पाय गमावलेला त्याचा मारेकरी. त्या भिंतीपुढे बर्गर खात उभ्या असलेल्या पोरांना यातलं काही सांगावंसं वाटतं, पण कोण कुणाला सांगणार.

त्याच स्मारकाशी कॅप्टन चार्ल्स फ्रायट यांचंही स्मारक आहे. हे आगबोटीचे कप्तान. आगबोटीच्या कप्तानाचं रेल्वे स्टेशनात काय काम, असं मलाही वाटलं होतं. तर तेव्हा रेल्वे कंपन्यांच्या स्वतःच्या बोटी असत. गाडी किनाऱ्याला पोचायची आणि पुढचा प्रवास कंपनीच्याच बोटीतून व्हायचा. फ्रायट हे ग्रेट ईस्टर्नचे पगारी नोकर. मार्च १९१५मध्ये एका जर्मन पाणबुडीने त्यांना थांबायचा इशारा केला, तर त्यांनी बोट थेट पाणबुडीच्या अंगावर घातली. पाणबुडीला बुडी मारून पळावं लागलं. सरकारने खूश होऊन त्यांना सोन्याचं घड्याळ दिलं. पुढच्या वर्षी जर्मनांनी त्यांची बोट पकडली, आणि खटल्यात त्या घड्याळावरचा मजकूरच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरला. २७ जुलै १९१६ला ब्रूझमध्ये त्यांना गोळ्या घातल्या. बक्षिसाच्या घड्याळावर कशाबद्दल बक्षीस हे कोरू नये, एवढा धडा निदान मी घेतला.

त्यांचा देह १९१९मध्ये मायदेशी आणला तो रेल्वेच्या एका साध्या लगेजच्या डब्यातून. आऊटर सिग्नलला उभा असलेला दिसला तरी कोणी मान वळवून पाहणार नाही असा डबा. त्याच डब्यातून आधी एडिथ कॅव्हेल यांचा, म्हणजे जर्मनांनीच गोळ्या घातलेल्या ब्रिटिश नर्सचा, देह आला होता आणि पुढे नोव्हेंबर १९२०मध्ये त्या अनाम सैनिकाचा, जो आता वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पुरलेला आहे. त्या वेळी डब्याचं छप्पर पांढरं रंगवलं होतं, म्हणजे रात्री रुळालगत उभ्या असलेल्या लोकांना कळावं की हाच तो डबा. डबा व्हिक्टोरिया स्टेशनच्या आठ नंबर फलाटावर लागला.

लंडनची स्टेशनं एकामागून एक धुंडाळताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती कुठल्याही पाटीवर लिहिलेली नाही. वॉटर्लूची विजय-कमान, जिच्या आत लंडन अँड साउथ वेस्टर्न रेल्वेच्या ५८५ मृतांची नावं आहेत, ती १९२२च्या मार्चमधली. यूस्टनबाहेरचा लंडन अँड नॉर्थ वेस्टर्नच्या ३,७१९ जणांचा स्तंभ १९२१चा. लिव्हरपूल स्ट्रीट जून १९२२. आणि १ जानेवारी १९२३ला कायद्याने शंभराहून जास्त रेल्वे कंपन्या मिळून चार मोठ्या कंपन्या झाल्या. म्हणजे ज्यांनी ही स्मारकं उभारली त्यांतल्या बहुतेक कंपन्या स्वतःच काही महिन्यांत संपल्या. त्यांनाही ते ठाऊक होतं, कायदा १९२१मध्येच झाला होता. घर सोडण्याआधी देव्हाऱ्यातले टाक पुसून जागेवर ठेवावेत, तसं काहीसं ते वाटतं मला. ग्रेट वेस्टर्न तेवढी आपलं नाव टिकवून पुढे गेली.

पॅडिंग्टनचा शिपाई घडवणारा शिल्पकार चार्ल्स सार्जंट जॅगर. चौदाव्या वर्षी तो धातूवर कोरीवकाम शिकायला उमेदवार म्हणून लागला. १९१४मध्ये त्याला रोमला जाऊन शिकायची मोठी शिष्यवृत्ती मिळाली होती; ती सोडून तो सैन्यात गेला. गॅलिपोलीत जखमी झाला, पश्चिम आघाडीवर पुन्हा जखमी झाला, शौर्यपदक मिळवलं. त्यामुळेच त्याचे शिपाई ग्रीक देवांसारखे दिसत नाहीत. त्यांचे बूट जड असतात. ओव्हरकोट ओला झाल्यावर किती वजनाचा होतो हे ठाऊक असलेल्या माणसाने तो कोट घडवलाय.

या जॅगरचं एक काम आपल्याकडेही आहे, हे वाचून मी ताडकन उठून बसले. दिल्लीत इंडिया गेटमागे जी छत्री आहे, तिच्याखाली पंचम जॉर्जचा जो संगमरवरी पुतळा होता, तो जॅगरचा. तो १९३४मध्ये वारला, पुतळा त्याच्या पश्चात पुरा झाला. स्वातंत्र्यानंतर राजेसाहेबांना तिथून हलवलं आणि कोरोनेशन पार्कात नेऊन ठेवलं. छत्री कित्येक वर्षं रिकामी होती, २०२२पासून तिथे नेताजी आहेत. राजाची बदली झाली. एक नंबर फलाटावरचा शिपाई मात्र जिथल्या तिथे आहे. (राजाचा पुतळा मी पाहिला आहे, शाळेच्या सहलीत नव्हे, लग्नानंतर. त्याचा झगा भव्य आहे आणि चेहरा मला आठवत नाही.) आणि इंडिया गेटवर तेरा हजारांवर नावं कोरलेली आहेत, पण इतक्या उंचावर की खाली भेळ खाणाऱ्याला ती दगडाची नक्षीच वाटावी.

नावं पेटीत ठेवा, भिंतीवर लिहा नाहीतर आकाशात कोरा, वाचणारा माणूस नसेल तर सगळं सारखंच, असं म्हणून मी हा लेख संपवणार होते. पण नाना आड आले.

नानांच्या ओळखीत एक की-मन होता. की-मन म्हणजे रोज आपल्या वाट्याची लाइन पायी तपासणारा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या तर ठोकून बसवणारा माणूस. एका हातात हातोडा, दुसऱ्यात लाल झेंडा. नाना त्याला फक्त इंजिनातून ओळखायचे. गाडी आली की तो बाजूला होऊन हात वर करायचा, नाना हात वर करायचे. एवढंच. पंधरा वर्षं दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. एका श्रावणात मुसळधार पावसात त्याला मागून येणारी गाडी ऐकू आली नाही. ती गाडी नानांची नव्हती. हे नाना दरवेळी सांगतात.

त्यानंतर नाना रिटायर होईपर्यंत त्या किलोमीटरला लांब हॉर्न द्यायचे. तिथे फाटक नाही, वळण नाही, हॉर्नचा बोर्ड नाही. असिस्टंट नवा असला तर विचारायचा, ‘साहेब, इथे का?’ नाना म्हणायचे, ‘माणूस असतो इथं.’ काही असिस्टंट पुढे स्वतः ड्रायव्हर झाले आणि तेही तिथे हॉर्न द्यायला लागले. त्यांतल्या कित्येकांना कशासाठी ते माहीतही नसेल. मला तो किलोमीटर नंबर पाठ आहे. त्या माणसाचं नाव नानांना कधीच कळलं नाही, कारण पुढे विचारायची त्यांना लाज वाटली.

२०१४मध्ये, युद्धाला शंभर वर्षं झाली तेव्हा, इथे लोकांना एक आवाहन केलं होतं: पॅडिंग्टनचा शिपाई जे पत्र वाचतोय, ते तुम्ही लिहा. २१ हजारांहून जास्त पत्रं आली. शाळकरी पोरांची, नामवंत लेखकांची, पेन्शनरांची. मी तेव्हा इथे नव्हते. नंतर हे कळल्यावर मीही एकदा गाडीत बसून लिहायला घेतलं. ‘प्रिय’ लिहिलं आणि पुढे काय लिहावं ते सुचेना. त्याच्या आईच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं तर मला सारखी मेथीची जुडी दिसायला लागली.

मागच्या महिन्यात एका शनिवारी दुपारी मी फलाटावरून नानांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांना ऐकू कमी येतं, दिसतं मात्र उत्तम. फोन शिपायाकडे वळवला आणि ओरडून ओरडून सगळं सांगितलं. २,५२४ हा आकडा ऐकल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘कुठल्या डिपार्टमेंटचे? लोकोचे किती, ट्रॅफिकचे किती, लाइनवाले किती?’ मला सांगता येईना. नावं पेटीत बंद आहेत म्हटल्यावर ते म्हणाले, ‘आणि पेटी कोणाच्या चार्जमध्ये?’ हेही मला सांगता येईना.

मग ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मागे आई विचारत होती, जेवलीस का.

‘नाना, पत्र वाचतोय तो. घरचं.’

‘पत्र नाही गं माय,’ नाना म्हणाले. ‘कॉशन ऑर्डर आहे ती.’

ज्यांच्या घरी रेल्वे नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरला स्टेशनात एक कागद देतात. पुढच्या लाइनवर कुठे कुठे काम चाललंय, कुठे पूल कच्चा आहे, कुठल्या किलोमीटरपासून कुठल्या किलोमीटरपर्यंत गाडी हळू न्यायची, असं सगळं त्यावर असतं. ड्रायव्हर तो फलाटावर उभ्या उभ्या वाचतो. घाई करत नाही. मागे हजार माणसं खोळंबलेली असली तरी करत नाही.

‘बघ ना, कसा वाचतोय,’ नाना म्हणाले. ‘शब्द न् शब्द. नवा दिसतो.’

मी पुन्हा वर पाहिलं. वाकलेली मान, खांद्यावर टाकलेला कोट, दोन पायांवर सारखा भार. खरंच, आत्ता वाचून होईल, कागद खिशात जाईल आणि गडी इंजिनाकडे चालायला लागेल असा.

‘सही कुठे करतो मग?’ नानांनी विचारलं. ‘वाचल्यावर सही करावी लागते. त्याच्याशिवाय गाडी सोडत नाहीत.’

माझी गाडी नऊ नंबरवर लागल्याचं बोर्डावर आलं होतं. मी नानांना म्हटलं, बघून सांगते, आणि फोन हातात तसाच चालू ठेवून चौथऱ्याला एक फेरी मारली.